ह्रस्व की दीर्घ

सोसायटीच्या फळ्यावरच्या नोटिशीखाली,
जिथे 'सु. र. पोतनीस, अध्यक्ष' अशी सही आहे,
तिथे परवा रात्री मी बॉलपेनने एक शब्द लिहिला.
लिफ्ट खाली यायच्या आत लिहायचा, म्हणून घाईत,
आणि चौथ्या मजल्यावर पोचेतो खात्री गेली :
'हुकूमशहा'तला कू ह्रस्व की दीर्घ?

नोटीस अशी : रखवालदाराने ड्यूटीवर बसू नये.
स्टूल मीटररूममध्ये जमा. आदेशावरून.

माणसाला तसं म्हणाले, त्याचं काही नाही.
पण चुकीच्या उकाराने म्हणाले असेन
तर पोतनीस हसेल.
तो शुद्धलेखनाचा पक्का आहे.

म्हणून उथळसरहून राबोडीत गेले, इसाक मुकादमांकडे.
वाटेत जेलचा तट.
पोर्तुगिजांनी बांधला, मराठ्यांनी घेतला,
इंग्रजांनी तुरुंग केला;
आता त्याला टेकून कुणी स्कूटर लावतं.

मुकादमांनी तीस वर्षं ठाण्याच्या कोर्टात
उर्दू कागद मराठीत आणले.
आता मोतीबिंदू, तक्क्या, आणि एक मांजर.
"पारसनीस तुम्ही, आणि मला विचारता?
तुमच्या आडनावाला फारसी लिहिण्याचा पगार होता."
पगार बंद झाला, म्हटलं, आडनाव राहिलं.
"पोतनिसांचंही तेच. पोत म्हणजे खजिना;
आता मेन्टेनन्सच्या पावत्या.
आणि मी मुकादम. माझ्या हाताखाली ही मनी."

मग त्यांनी शब्द पापलेटासारखा मधोमध उघडला.
हुकूम अरबी, शहा फारसी,
दोघांची गाठ कुणी घातली कोण जाणे.
हिकमत ही हुकमाची सख्खी बहीण,
आणि त्याच घरातली घोड्याच्या तोंडातली ती कडी,
लगाम ओढला की जबड्यात रुतणारी.

शहा?
"बुद्धिबळात बघा. 'शह' म्हणतो तो राजा नसतो.
घोडा असतो, उंट असतो, कधी नुसतं प्यादं.
नाव राजाचं, आणि धमकीही त्यालाच."

अजून मागे गेलं तर इराणच्या कड्यावर कोरलेला
एक लांबलचक शब्द
(उच्चारताना त्यांची कवळी हलली),
आणि भिंतीपलीकडे त्याचा चुलतभाऊ, आपला संस्कृत 'क्षि' :
राज्य करणे.
आणखी एक क्षि : वस्ती करणे, ठाण मांडून राहणे.
आणखी एक : झिजणे. क्षय.
"तिन्ही धातू वेगळे, बरं का," त्यांनी बोट उचललं,
"एकत्र बांधू नका. कवी लोक बांधतात."

मी नाही बांधले.
चहा घेतला. कू दीर्घ, हे दोनदा विचारून घेतलं.

परतले तर शब्द फळ्यावर तसाच.
फक्त माझा ह्रस्व उकार
कुणीतरी लाल शाईने दीर्घ केला होता.
शेपटीला तोच झोका, जो 'सु. र.'च्या सहीला.

फाटकाशी बुधाजी उभा. शहापूरचा.
तुझ्या गावाच्या नावातही तोच बसलाय,
हे ओठांवर आलं, सांगितलं नाही.
त्यानेच विचारलं, "ताई, काय लिवलंय तिथं?"
वाचून दाखवलं.
"हुकूम म्हंजे पत्त्यातला ना?
तो तर एका डावापुरता.
परत पिसले की दुसऱ्याचा."
आणि पाय बदलला. डाव्यावरचा भार उजव्यावर.

मीटररूमच्या किल्ल्या दोन आहेत.
एक पोतनिसांकडे, एक सेक्रेटरीकडे.
सेक्रेटरी मी.
नोटीसही मीच टाईप केली होती,
एकही चूक नव्हती तीत.